आभाळगाडी, जुनी आन नवी

नवी आभाळगाडी बघून आला त्या दिवशी गेणबा चप्पल न काढताच माझ्या ओट्यावर चढला.

"मास्तर, वाटोळं केलं!" म्हणला. "पार वाटोळं! भावकीच काढून टाकली!"

गेणबा म्हंजे माझा लंगोटीयार. घोटावड्याच्या अलीकडं आमची वाडी, तितं त्याची न माझी भिंतीला भिंत. आन आभाळगाडी म्हंजे एक इंग्रजी सिनेमा. त्याचं खरं नाव लई लांबडं हाय, माझी जीभ वळत न्हाई. त्यात माणसं यानात बसून ह्या ग्रहावरनं त्या ग्रहावर जात्यात, म्हणून वाडीनं त्याचं नाव आभाळगाडी ठेवलं. जुने तीन भाग व्हते. आता त्या कंपनीनं सगळं पहिल्यापासनं नव्यानं काढलंय, नवे नट घेऊन, आन हिंदीत बी. गेणबानं पिकअपमदी सहा जण भरले आन हिंजवडीकडच्या थेटरात जाऊन बघून आला. मला बी चल म्हणत व्हता. मी कंबर धरल्याचं सांगून घरी बसलो. कंबर चांगली ठणठणीत व्हती.

का बसलो ते सांगतो. बत्तीस वर्सं कुणाला सांगितलं न्हाई, आता लपवून काय करायचंय?

बत्तीस वर्सांपूर्वी गणपतीत आमच्या मंडळानं पौडवरनं टीव्ही आन व्हिडिओ भाड्यानं आणला. मागितली व्हती हिंदी मारामारीची कॅसेट, दुकानदारानं पिशवीत घातली ही. तीन कॅसेटी, तिन्ही इंग्रजी. माणसं सतरंजीवर जागा धरून बसलेली, परत पौडला कोण जाणार? मंग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण अख्ख्या वाडीत दहावीला बसलेला मी एकटा. नापास झालतो, पण बसलो व्हतो. गणितात गेलो, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. खरं म्हंजे इंग्रजीत गेलतो. शंभरात एकोणीस.

पण अठरा वर्साच्या पोराला सगळी वाडी "तू सांग रं, शंभू" म्हणती, तवा न्हाई कोण म्हणंल? मी टीव्हीच्या बाजूला हुबा राह्यलो आन दिसंल तसं सांगत सुटलो. यानात भिंतीतनं एक आवाज यायचा, माणूस काय दिसायचा न्हाई. मी म्हणलो, ह्यो कप्तानाचा चुलत भाऊ, वायरलेसवरनं बोलतुया, बांध कोरलाय त्यानं आन आता वर वाटणी मागतुया. लगेच सगळी सरसावून बसली. आमच्याकडं बांधाचं भांडण कुणाला समजावून सांगावं लागत न्हाई. एक पायलट बाई व्हती, सारखी कप्तानावर खेकसायची, म्हणून मी तिला त्याची बहीण करून टाकली. अर्ध्या तासानं त्या दोघांनी एकमेकांचा मुका घेतला. मला दरदरून घाम फुटला. "बहीण म्हंजे मामाची पोरगी!" मी वरडलो, तवा कुटं बायकांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासनं मी मास्तर. कोर्टाची नोटीस येऊ द्या, बँकेचा कागद येऊ द्या, "मास्तराला दावा." पूर्वी मी तो कागद गुपचूप पौडला न्यायचो, तहसिलीतल्या ओळखीच्या कारकुनाकडनं समजून घ्यायचो, आन सांजच्याला वाडीत येऊन ऐटीत सांगायचो. आता फोनच भाषांतर करून देतो. कुणाचं नुकसान म्हणून कंदी होऊ दिलं न्हाई, देवाशप्पत. पण माझ्यापाशी दुसरं हाय काय? घरापुरतं भात, भाड्यानं दिलेल्या तीन खोल्या आन मास्तर हे नाव. ते नाव गेलं तर मी नुसता शंभ्या.

तर गेणबा ओट्यावर बोंबलत व्हता, आन माझ्या तिसऱ्या खोलीतला ऋषिकेश चहाचा कप घेऊन भाईर आला. पोरगा परभणीचा, हिंजवडीत कंपनीत हाय. गुणाचं पोरगं, पण सिनेमाचं येड.

"काका, मी पण कालच बघितला," तो गेणबाला म्हणला. "मला तर आवडला. म्युझिक जरा कमी पडलं, पण गोष्ट नीट सांगितलीय. जुन्यापेक्षा नीट."

"जुन्यापेक्षा?" गेणबाचं डोळं बटाट्याएवढं झालं. "आरं, ते यान बघितलं का तू? नुसतं आरशावानी गुळगुळीत! जुन्या यानाला गंज व्हता, पायपाला फडकं बांधलेलं व्हतं. बघितलं की वाटायचं, चालवतंय कुणीतरी. आन बांध कुटाय? चुलत भाऊ कुटाय?"

"कोणाचा चुलत भाऊ?"

"कप्तानाचा! भिंतीतनं बोलतो त्यो!"

ऋषिकेश हसला. "काका, तो यानाचा आवाज आहे. यानाला मन फुटतं आणि ते माणसांचं ऐकेनासं होतं. जुन्यात पण तेच होतं. मी लहानपणी टीव्हीवर हिंदीत वीस वेळा बघितलाय."

"घोडं मन! मास्तर, ह्याला सांग."

मी म्हणलो, चहा निवतोय, प्या आधी.

त्यानंतर आठ दिवस ओट्यावर दुसरा विषयच न्हाई. गेणबा रोज माणसं जमवायचा. मामाची पोरगी नव्या सिनेमात कप्तानाची साहेबीण का केली, ह्यावर तर भाताची मळणी सोडून भांडणं झाली. ऋषिकेश एकटा, पण हटायचा न्हाई. मला त्या पोराचा असा राग आला की त्याची खोली रिकामी करून घ्यावी वाटलं. मंग वाटलं, बिचाऱ्याचा काय दोष? खोटं मी बोललो, आन रोज मार तो खातोय.

शेवटी गेणबाची धाकटी बहीण शुभांगी मधी पडली. ती वाडीतच दिलेली, आता ग्रामपंचायतीची सदस्य हाय, बोलायला एकदम सरळ. "डोकं उठवलंय तुमी," म्हणली. "रविवारी दुपारी पंचायतीचा हॉल मोकळा हाय. जुनी आभाळगाडी लावा, बघा आन मिटवा."

मी पळवाटा शोधाया लागलो. हॉलचा प्रोजेक्टर बिघडलाय म्हणून सांगितलं, तर ऋषिकेशनं मित्राचा आणला. मंग त्याला बाजूला घेतला. "बाळा, लावायचाच आसंल तर इंग्रजीतच लाव हां. अस्सल ते अस्सल."

"नाही काका, हिंदी डबिंग मिळालंय ना. सगळ्यांना कळेल!"

इतका आनंद झालता त्याला की मी 'लाव बाबा' म्हणून माघारी फिरलो.

रविवारी चाळीसएक माणसं आली. पडदे लावले, शुभांगीनं चिवडा वाटला. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो, दाराजवळ.

पहिल्या दहा मिनिटांतच त्या भिंतीतला आवाज चक्क हिंदीत बोलला की मी यान हाय, आन मला आता तुमची गरज न्हाई. हॉलमदी कुणीतरी खुदकन हसलं. गेणबानं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी चिवड्यातलं शेंगदाणं निवडाया लागलो. मंग ती पायलट बाई आली, आन ती ना बहीण, ना मामाची पोरगी. दुसऱ्या यानावरची अधिकारी निघाली. आता बायका उघड हसाया लागल्या. "मास्तर, सोयरीक मोडली की हो!" एक जण म्हणली. माझे कान तापले.

हसण्याचं काय न्हाई, सोसलं असतं. पण मला ठाऊक व्हतं पुढं काय येतंय, आन ते येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत व्हतो.

शेवटाला तो दाढीवाला कप्तान मरतो. त्याला एका लांबट पेटीत घालत्यात आन बर्फात पुरत्यात. बत्तीस वर्सांपूर्वी हे टीव्हीवर आलं तवा सतरंजीवर सगळ्यात पुढं शुभांगी बसली व्हती, नऊ वर्सांची. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांचा बा फुरसं चावून गेलता. पोरगी माझ्याकडं टकामका बघत व्हती, आन मला काय ते सांगवंना. मी म्हणलो, "कप्तान मेला न्हाई. त्यो दुसऱ्या गाडीनं पुढं गेलाय. पेटीत त्याची जुनी कापडं हायेत, ती पुरतायत."

आता हॉलमदी तीच पेटी पडद्यावर आली, आन हिंदीत भाषण झालं. कप्तान शहीद झाला, असं स्पष्ट सांगितलं. बर्फ पडला, नावं आली, ऋषिकेशनं दिवा लावला.

गेणबा उठला. "मास्तर, तुला इंग्रजी येत व्हतं का न्हाई?"

मी बी उठलो. "न्हाई," म्हणलो. "कंदीच येत नव्हतं. गणितात न्हाई, इंग्रजीतच नापास झालतो. जे सांगितलं ते समदं माझ्या मनाचं. आता काय मारायचं ते मारा."

"आरं, बत्तीस वर्सं मी लोकांशी भांडतोय!" गेणबाचा आवाज फाटला. "ह्या परभणीच्या पोराला आठ दिवस येड्यात काढलं मी! आन शुभीला तू त्या कापडांचं..." बोलणं अर्धंच टाकून तो दाराकडं निघाला.

"दादा, खाली बस," शुभांगी म्हणली.

ती माझ्याकडं वळली. चिवड्याचं पातेलं तिच्या मांडीवर तसंच व्हतं.

"शंभूदादा, मला तवाच कळलं व्हतं. पेटीभवती सगळी रडत व्हती. कापडांसाठी कोण रडतं?"

"मंग बोलली का न्हाईस?" मी इचारलं.

"तुझं तोंड बघितलं ना. तू माझ्याकडं बघून सांगत व्हतास, आन तुझाच आवाज कापत व्हता. म्हणलं, ह्याला वाईट वाटंल. ऱ्हाऊ दे." तिनं मांडीवरचं पातेलं सावरलं. "घरी जाऊन आयला मी कापडांचंच सांगितलं. बा गेल्यापासनं ती पयल्यांदा हसली त्या दिवशी. म्हणली, शंभ्या लबाड हाय, पण गोड लबाड हाय."

मला रडू आलं. पन्नास वर्सांचा बाप्या, चाळीस माणसांत, बाहीला नाक पुसत रडलो. लाज बीज काय वाटली न्हाई. मी समजत व्हतो की मी त्या लेकराला सांभाळलं, आन ते लेकरू मला सांभाळत व्हतं.

गेणबा दारातनं माघारी आला, खुर्ची ओढून दणकन बसला. मंग ऋषिकेशला म्हणला, "तुझं खरं हाय. नव्यानं जुन्याचं काय वाटोळं केलेलं न्हाई. जुनंच असलं बेचव पुळकवणी व्हतं."

"काका, असं नका म्हणू, जुना पण चांगला आहे," ऋषिकेश कळवळून म्हणला. "दुसरा भाग आणलाय मी. लावू का?"

"लाव. आवाज बंद कर त्याचा." गेणबानं माझ्याकडं बोट केलं. "मास्तर, हुबा राहा तितं. सांग."

"आता कशाला? समद्यांना कळलं ना."

"कळलं म्हणून काय झालं? सांग!"

मी डोळं पुसून पडद्याच्या बाजूला गेलो. दुसरा भाग सुरू झाला. यान, तारे, आन एक तरणाबांड गडी शिडी उतरून खाली आला. चेहरा तुळतुळीत. हे कोण? मला काय केल्या आठवंना. इतक्या वर्सांपूर्वी मी ह्याचं काय केलतं देव जाणे. म्हणलं, पहिल्यापासनं नवीनच रचू.

"तर मंडळी," मी घसा खाकरला, "ह्यो कप्तानाचा पोरगा."

"आँ?" गेणबा ताडकन उठला. "पोरगा कुटनं आला?"

"आवं मास्तर, पोरगा नव्हता!" मागनं एक बाई वरडली.

"हे असंच हाय! नवीन काढायचं म्हणून कायबी घुसडायचं!"

"जुनंच बरं व्हतं!"

चारी बाजूंनी कालवा उठला. ऋषिकेश हसून हसून खुर्चीतनं पडायच्या बेतात आलता. मी हात वर करून म्हणलो, "बरं, बरं! पोरगा न्हाई तर मंग कोण हाय ह्यो? तुमीच सांगा."

चिवड्याचं पातेलं बाजूला ठेवून शुभांगी पुढं सरकून बसली.

"कप्तानच हाय त्यो," ती म्हणली. "दाढी काढलीया म्हणून वळकू येत न्हाई. तूच सांगितलंतंस. नीट सांग की, शंभूदादा."