आफ्राकाकूंच्या कोठारातली ऊब

क्विरिनला अंडी आवडत नाहीत. अग्निशमन दलाच्या न्याहारीला तो दरवेळी आपलं अंडं माझ्या ताटात सरकवतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये तो रोज संध्याकाळी टेकडीवरच्या आफ्राकाकूंकडून सहा-सहा अंडी आणून माझ्या दुकानात ठेवू लागला, तेव्हा मी मोजायला लागले. नऊ दिवसांत चोपन्न झाली.

आमच्या दलात सगळे बिनपगारी. क्विरिन नळ जोडतो, मी पाव विकते. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं. शिवाय नोंदवही माझ्याकडे : भोंगा किती वाजता, माणसं किती, परत कधी. वहीत न बसणारं काही गावात घडलं की मला चैन पडत नाही.

गावाने मात्र कारण काढून ठेवलं होतं.

"काकूंच्या कुरणावर डोळा आहे त्याचा," पाव घेताना आमचा खाटीक लुडगर म्हणाला. "नाहीतर काकूंवरच."

"काकू एकाहत्तरच्या आहेत रे."

"मग कुरणावर."

दहाव्या दिवशी रविवार होता. चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर क्विरिनने मला बाजूला घेतलं. "रेजी, वर चल जरा. गवतावर एकट्याने चढायचं नसतं."

त्याच्या गाडीत दलाची लांब सळी होती, टोकाला तापमापक असलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पावसाच्या धाकाने काकूंनी दुसऱ्या कापणीचं गवत ओलसरच कोठारात भरलं होतं. ओलं गवत आतल्या आत तापत जातं. सत्तर अंश ओलांडले की काडी न लावता पेटू शकतं. आणि आमच्याकडची शेतकरीण गाय मेली तर सांगेल, पण गवत ओलं भरलं हे मरेपर्यंत सांगणार नाही. नऊ दिवस हा पठ्ठ्या अंगणात अंडी मोजून घेण्याच्या निमित्ताने कोठाराचा वास घेत होता.

काकू दारातच उभ्या होत्या. "आज कोंबड्यांना सुट्टी आहे."

"अंडी नकोत, काकू. सळी घालू द्या."

"माझं गवत सुकं आहे."

"कालपर्यंत तंबाखूसारखा वास होता. आज करपलेल्या साखरेचा येतोय."

"मग नाक धुऊन ये."

मला वाटलं, आता हा नियम ऐकवेल किंवा सरळ फोन काढेल. त्याला दोन्हीचा हक्क होता. पण तो टोपी काढून पायरीवर बसला.

"वेंडेलिनकाकांच्या वेळी आदल्या दुपारी मी इथून सायकलवरून गेलो होतो," तो म्हणाला. "हाच वास होता. फुटबॉलचा सामना होता, उशीर होत होता. म्हटलं, उद्या सांगू."

वेंडेलिन म्हणजे काकूंचे यजमान. सोळा वर्षांपूर्वी पहाटे जुनं कोठार पेटलं आणि ते गाई सोडायला आत शिरले. अकरा गाई बाहेर आल्या. ते आले नाहीत. ती नोंद माझ्याच हातची आहे. भोंगा चार वाजून दहा मिनिटांनी, माणसं एकोणीस.



"तू एकदा वास घेतलास," काकू म्हणाल्या. "मी त्या वासात तीन दिवस स्वयंपाक केला. दलाला बोलवू या म्हटलं, तर हे म्हणाले, गाव हसेल. मी गप्प बसले. मलाही लोकांच्या हसण्याचीच भीती होती."

आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

आत जळून पोकळ झालं असेल तर पाय खचू नये म्हणून आम्ही गवतावर फळ्या टाकल्या. सळी आत गेली. आकडा मी दोनदा वाचला : चौऱ्याहत्तर.

"फोन मी करू, की तुम्ही?" क्विरिनने विचारलं.

काकूंनी हात एप्रनला पुसले आणि दलाचा नंबर फिरवला. "मी आफ्रा बोलतेय. माझ्याकडून गवत ओलं भरलं गेलंय. चौऱ्याहत्तर आहे. या."

बावीस जण रविवारचं जेवण अर्धवट टाकून आले. आधी गाई बाहेर काढल्या, पाण्याचे पाइप भरून तयार ठेवले, मग दाताळ्यांनी गवत बाहेर फेकायला लागलो. मधोमध ते काळं पडलं होतं. वारा लागताच दोनदा भडकलं, दोनदा विझवलं. दूध काढायच्या वेळेपर्यंत कोठार रिकामं झालं होतं, आणि उभं होतं.

काकू घरात जाऊन बसल्या नाहीत. अंगणाच्या मध्यभागी, सगळ्यांना दिसतील अशा उभ्या राहिल्या. लुडगरने वाफाळलेला ढीग त्यांच्यासमोर आपटला. "काकू, हे गवत आहे की सूप?"

सगळ्यांचे हात थांबले.

"सूपच आहे," काकू म्हणाल्या. "तू दुकानात विकतोस त्यापेक्षा दाट."

आधी हसला तो लुडगर. मग बाकीचे. काकू सगळ्यांचं हसणं संपेपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

संध्याकाळी मी वही उघडली. भोंगा बारा चाळीस, माणसं बावीस, कळवणारी व्यक्ती : स्वतः मालकीण.

"आणि त्या नऊ संध्याकाळी? त्यांचं काय लिहू?" मी क्विरिनला विचारलं.

"भोंगा वाजला होता?"

"नाही."

"मग कशाला लिहितेस?"

मी वही मिटली. सोमवारी संध्याकाळी त्याची गाडी पुन्हा टेकडीवर गेली. कोठारात तर आता काडीही नव्हती. परत आला तो सहा अंडी घेऊन, आणि त्यातली पाचच माझ्या दुकानात ठेवली. सहावं त्याने खिशात टाकलं आणि घरी नेलं.