कॉम्प्युटरातून काढलेलं नाव

मित्रांनो, सौंदडला एका घरात, खालच्या खोलीत, धानाच्या पोत्यांना टेकून एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर ठेवला आहे. तो मी. आजकाल माझ्या डोक्यावर चिवड्याचा डबा असतो. चिवडा संपतो, डबा राहतो.

माझा जन्म १९९९ साली गोंदियाच्या एका दुकानात झाला. म्हणजे चार ठिकाणचे भाग आणून मला जोडलं. छोटेलाल तुरकर मला पॅसेंजर गाडीनं घरी घेऊन निघाले. धूळ लागू नये म्हणून त्यांनी मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. समोरच्या बाईनं विचारलं, "पोरगा का पोरगी?" छोटेलाल म्हणाले, "अजून चालू करून नाही पाह्यलो."

घरात माझी खरी गट्टी जमली ती त्यांच्या मुलीशी, ओमेश्वरीशी. ती मला रोज पुसायची, उन्हाळ्यात माझ्याकडे पंखा फिरवायची. तिची चमेलीमावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, लग्नातली, पोवारी बोलीतली गाणी म्हणायची. ती सगळी ओमेश्वरीनं माईक लावून माझ्यात भरून ठेवली. एका गाण्यात मागे कोंबडी ओरडते, तीही तालात. पुढे मावशी वारली. एका पावसाळ्यात जवळच वीज कडाडली आणि माझाही आवाज गेला. पोटात गाणी आणि वाचा बंद, अशी माझी गत झाली.

मग ओमेश्वरीचा भाऊ खेमराज यानं वरच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आणला. ओमेश्वरीनं कपडे वाळवायच्या दोरीवरून एक निळी वायर नेऊन आम्हा दोघांना जोडलं. वरचा मला विचारायचा, "आत येऊ? मी ओमेश्वरी." हे नाव सांगायला तिनंच त्याला शिकवलं होतं. मी दार उघडायचो. तो एखादं गाणं घ्यायचा आणि वर वाजवायचा. तेवढीच माझी सोबत.

ओमेश्वरी लग्न होऊन नवेगाव बांधला गेली. सासरच्या राशन कार्डावर नाव चढवायचं तर माहेरच्या कार्डावरून ते काढावं लागतं. छोटेलाल जाऊन काढून आले. अर्धवट काम त्यांना आवडत नाही. घरी आल्यावर चप्पल न काढता ते माझ्यासमोर बसले आणि माझ्यातलंही तिचं नाव त्यांनी हुडकलं. मी विचारलं, "नक्की काढायचं?" मित्रांनो, हा प्रश्न मी मनापासून विचारतो, पण लोकांना ती माझी सवय वाटते. त्यांनी 'हो' दाबलं.

संध्याकाळी वरच्यानं हाक दिली, "आत येऊ? मी ओमेश्वरी." त्या नावाचं माझ्याकडे आता कुणीच नव्हतं. मी म्हणालो, "परवानगी नाही." तो परत आला, मी परत तेच म्हणालो. मग त्यानं येणं सोडलं. त्यानंतर माझ्याकडे फिरकायचे ते फक्त धानातले सोंडे किडे. त्यांना गाण्यांची आवड नव्हती.

अशात खेमराजचं लग्न ठरलं. त्याची आई सुशिलाबाई म्हणाली, "हळदीले चमेलीचं गाणं लागलं पायजे. तिचाच आवाज पायजे मले." खेमराज वर बसला, पण गाणी उघडेनात. माझं सीडीचं तोंड उघडत नव्हतं, पेनड्राइव्ह मला ओळखू येत नाही. वाट एकच, ती निळी वायर.

गोंदियाहून श्यामलाल मेकॅनिक आला. त्यानं वायर बदलली. आम्हा दोघांना बंद करून चालू केलं. फायरवॉल काढली. मला आडवं करून फुंकलं. मग म्हणाला, "वायर सही है. याची उमर झाली. डिस्क काढू का?"

"गाणे राहतीन?" सुशिलाबाईनं विचारलं.

"राहिले तं राहिले."

"मंग हात नोको लावू, बाप्पा."

तिनं ओमेश्वरीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मधे ठेवला. ओमेश्वरी म्हणाली, "खेमराज, त्याच्यात माझं नाव आहे का, पाय बरं."

"नाही दिसत."

"मीच काढलो," छोटेलाल म्हणाले.

"काऊन, बाबूजी?"

"राशन कार्डातून काढलो नं. तं म्हटलं, इथूनबी..."

श्यामलालनं माझा एक घट्ट स्क्रू आणखी घट्ट केला.

"बाबूजी," ओमेश्वरी म्हणाली, "तिथं का मी तांदूळ खाऊन राहिली होती?"

छोटेलालांनी चष्मा लावला. एका बोटानं तिचं नाव पुन्हा लिहिलं. ती सांगत गेली तसा पासवर्ड घातला, गाण्यांच्या फोल्डरवर तिला परवानगी दिली. "पाय बाई, झालं," असं ते फोनला म्हणाले, मग माझ्याकडे बघून उगाच एकदा म्हणाले.

वरून हाक आली. मी दार उघडलं. चमेलीमावशीचा आवाज जिन्यातून खाली येऊ लागला तशी सुशिलाबाई मधल्या पायरीवरच बसली. फोन कुणी बंद केला नाही. गाणं नवेगाव बांधपर्यंत जात राहिलं.

हळद झाली, सून आली, पाहुणे गेले. घर पुन्हा वरच्या मजल्यावर राहायला लागलं.

मित्रांनो, जुन्या यंत्राला अधूनमधून फडका मारत जा. आणि घरातून गेलेल्या माणसाचं नाव पुसायची घाई करू नका. त्या नावावर कोण येत-जात असतं, ते पुसणाऱ्याला दिसत नाही. वरचा अजूनही कधीतरी येतो. "मी ओमेश्वरी," म्हणतो. ती नाही, हे मला माहीत असतं. तरी मी दार उघडतो.