सव्वा मूठ

कानबाईच्या रोटांचा गहू मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घराण्यात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी. पाळण्यातल्या तान्ह्या पोराची मूठ असते, खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्याचीही असते. मेलेल्याची नसते. आणि बायकांची तर कधीच नव्हती; त्यांनी खायचे ते नवऱ्याच्या मुठीतले. त्या गव्हाचे दळण, त्या दळणाचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या, आणि ते घराण्याबाहेर कुणाच्या तोंडी पडायचे नाहीत. एरंडोलच्या अलीकडच्या त्या गावात हे कुणाला शिकवावे लागत नसे.

प्रमिलाबाई सतराव्या वर्षी शिंदखेड्याकडून या घरात नांदायला आल्या, तेव्हापासून बघत होत्या. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार उजाडला की त्यांचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, झुलाल नाना ओट्यावर मांडी घालून बसत आणि एकेक नाव खड्या आवाजात घेत. आत सासूबाई, मोठी जाऊ रत्नाअक्का आणि प्रमिलाबाई त्या त्या नावाची मूठ सुपात टाकत. काय दिवस होते ते! जात्याची घरघर, सारवलेल्या चुलीचा ओला वास, केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर नथ घालून बसलेली नारळाची कानबाई. रत्नाअक्का गाणे धरी ते साऱ्या गल्लीला ऐकू जाई. त्या आठवणीने प्रमिलाबाईंचा चेहरा अजून उजळे, आणि मग लगेच आवळला जाई.

कारण त्यांची धाकटी, सारिका, जन्मली त्या वर्षी त्यांच्या नवऱ्याने, अभिमनने, भीत भीत म्हटले होते, "नाना, माले दोन पोरी शेतस. त्यासनी बी मूठ घिऊत ना."

"पोरीसनी मूठ ऱ्हास का कोठे?" नाना म्हणाले. "त्या परका घरन्या."

सगळा ओटा हसला. अभिमनही हसला. प्रमिलाबाईंना तेच जास्त लागले.

पुढे अभिमन गेला. वर्षसुतक फिटल्यावरच्या श्रावणात नानांनी नावे घेतली आणि म्हणाले, "धाकल्याना घरनी मूठ आते बंद." त्या दिवशी प्रमिलाबाईंनी चुलीपुढे बसून बावीस रोट केले होते. पंगतीत रत्नाअक्काने त्यांच्या पानात एक टाकला, तर बाहेरून नानांनी विचारले, "तो कोना मूठना?" रत्नाअक्काने खाली मान घालून तो उचलून घेतला. पुढची दहा वर्षे प्रमिलाबाई रोट करत, हात धूत आणि मागच्या दाराने घरी जात. कुणी अडवले नाही. त्या गेल्या हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

गेल्या वर्षी रत्नाअक्का वारली आणि कानबाई बसलीच नाही. यंदा नानांच्या नातवाचे, बबलूचे, लग्न ठरले. लग्नाआधी कानबाई करीन, असे नाना बोलून चुकले होते. पण रोटाच्या चुलीला हात लावायचा तो घराण्यात नांदायला आलेल्या सुनेनेच, आणि नानांची सून सोनल पुण्यात वाढलेली. तिने आणि चुलत घरातल्या बायकांनी रोट फक्त खाल्ले होते. मग तिचा नवरा, नानांचा मुलगा दीपक, पुण्याहून गाडी घेऊन आला आणि थेट प्रमिलाबाईंच्या दारात उभा राहिला.

"काकू, तुमच्याशिवाय कोण आहे आता?"

"मी आहे ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण कानबाई माझ्या घरी बसेल. आणि गहू मी घेईन. नानांना ओट्यावर नको बसवू, गुडघे धरतात त्यांचे."

काकू म्हाताऱ्याचा किती विचार करते, असे दीपकला वाटले. नानांनीही मान डोलावली. मुठी कुणाच्या घ्यायच्या हे काय सांगायचे होते? सुपातला बायकांचा हात त्या घरातल्या पुरुषांनी कधी बघितलाच नव्हता.

प्रमिलाबाईंनी दोघी मुलींना बोलावून घेतले. थोरली पुनम जळगावहून आली, सारिका धुळ्याहून. रविवारी सकाळी चौरंगापुढे सोनलने सूप धरले. प्रमिलाबाई एकेक नाव घेऊ लागल्या. दीपक, बबलू, चुलत घरातले सगळे पुरुष. तिथे त्या थांबल्या नाहीत. "सोनल." सोनलने वर बघितले. "पुनम. सारिका. तानुबाई. प्रमिला."

"काकू, माझी पण?" सोनल कुजबुजली. "चालतं?"

"तू जेवतेस ना?"

सुपात गव्हाचा ढीग झाला. प्रमिलाबाईंनी हात झाडले.

"काकू, नाना राहिले," सोनल म्हणाली.

"राहिले नाहीत. घेतली नाही."

तानुबाई ही नानांची चुलतभावजय, प्रमिलाबाईंच्याच वयाची. ती दाराशी वाती वळत होती. तिच्या हातातला कापूस खाली पडला. "ये माय! जित्ता मानूसनी मूठ नही?"

"मी जित्ती नव्हतू का दहा वरीस?"

"गावभर त्यानी मोठी गोट व्हई, प्रमिला. तुले आंडोर नही, दोन्ही पोरीच. उद्या तू गयी त्ये कोन उचली तुले? दीपकच ना?"

हे प्रमिलाबाईंनी आधीच मनाशी घोळवले होते. हे केले तर दीपक तुटेल, भाऊबंदकीतला माणूस ओट्यावर पाय ठेवणार नाही. त्यांनी पुनमकडे बघितले, सारिकेकडे बघितले. "ह्या दोन्ही उचलतीन," त्या म्हणाल्या. "नही उचलनी त्ये पडी ऱ्हासू. पन आज ह्या मानूसले समजाडसू."

दिवस कलायला लागला तेव्हा अंगणात पंगत बसली. यंदा बायकांनीही त्याच पंगतीत बसायचे, असे प्रमिलाबाईंनी सांगितले होते. पुरुषांनी आपसांत कुरकुर केली, पण रोटांचा वास सुटला होता. नाना पहिल्या पानावर होते, पांढरी टोपी, धुतलेले धोतर. पानात गंगाफळाची भाजी, खीर, कटाची आमटी सगळे वाढून झाले. मग प्रमिलाबाई रोटांची परात घेऊन आल्या. नानांच्या पानाजवळून पुढे गेल्या आणि त्यांनी दीपकला वाढले. बबलूला वाढले. सोनलला, पुनमला, सारिकेला वाढले. परात रिकामी होत आली.

"बठ्ठासले वाढं," नाना हसत म्हणाले. "माले इसरनी का प्रमिला?"

त्रेपन्न वर्षांत प्रमिलाबाई जेठाशी समोरासमोर बोलल्या नव्हत्या. काही सांगायचे असले तर भिंतीला सांगत, नाहीतर पोराला पुढे घालत. आज त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला नाही.

"इसरनू नही, नाना. तुमना नावनी मूठ लिधी नही मी."

कुणाची तरी वाटी कलंडली.

"काय बोलता काकू?" दीपक अर्धवट उठला. "बबलूचं लग्न आहे घरात! असं अभद्र..."

"बैस दीपक. तुझ्या पानात आहे ना? खा."

नानांचा चेहरा राखेसारखा झाला. मूठ नाही म्हणजे काय, हे त्या पंगतीत त्यांच्याइतके कुणाला कळत होते? उभे आयुष्य त्यांनीच तर नावे घेतली होती, त्यांनीच गाळली होती. "म्हंजे मी मरी गऊ का?" ते म्हणाले. आवाज म्हाताऱ्याचा होता, बारीक.

"ते तुम्हीच सांगा. तुमना भाऊन्या दोन आंडेरी शेतस. त्या आठे बठेल शेतस. त्यासना नाव सांगा, मना पानमाना रोट तुमले देस."

नानांनी पंगतीवर नजर फिरवली. "पुनम," ते म्हणाले. मग थांबले. ओठ हलले. घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या पोरांची नावे एका दमात सांगणारा माणूस सारिकेच्या तोंडाकडे बघत राहिला. "धाकली," ते म्हणाले. "बठ्ठा धाकलीच म्हनतस ना तिले."

"नाना, सा..." दीपक पुटपुटला.

"तू नको सांगू!" प्रमिलाबाई कडाडल्या.

सारिका धुळ्यात शाळेत गणित शिकवत होती. पंचेचाळीस वर्षांची झाली होती. तिने आपले नाव सांगितले नाही.

पुनमला राहवले नाही. तिने आपला रोट मोडला आणि अर्धा हातात घेऊन उठली. "आई, ऐंशी वर्षांचा माणूस आहे. माझ्यातला देते."

"खाली बस, पुनम. तू दिलास तर उद्या हेच म्हणतील, बायकांचं मन मोठं. जन्मभर तेच तर खाल्लंय त्यांनी."

पुनम उभीच राहिली. सारिकेने तिच्या साडीचा काठ धरून हळूच ओढला. पुनम बसली. मग सारिकाच उठली, आत गेली आणि वरण-भाताचे भांडे घेऊन आली. नानांच्या पानात तिने भात वाढला, वर वरण घातले. पाहुण्याला वाढावे तसे.

"जेवा," ती म्हणाली.

नाना उठून जातील असे सगळ्यांना वाटले. पण उठायलाही कुणीतरी हात द्यावा लागतो, आणि कुणी दिला नाही. दीपकचे डोळे पानावर होते. खूप वेळाने नानांनी भाताला हात लावला. मान वर न करता ते जेवू लागले. मग एकेक करून पंगत जेवू लागली, आधी बायका.

प्रमिलाबाई सारिकेशेजारी आपल्या पानावर बसल्या. कापणीच्या दिवसांत लागायची तशी भूक लागली होती. पहिल्या घासाला डोळे भरून आले, ते त्यांनी चुलीच्या धुरावर ढकलले, आणि दुसरा घास त्याहून मोठा घेतला. तानुबाई समोरून बघत होती. बघता बघता तीही आपला रोट कुस्करू लागली.

जेवणे उरकत आली तेव्हा दीपक वाकून म्हणाला, "काकू, हे तुम्ही बरं नाही केलं."

"नाही केलं," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि तुपाची वाटी आपल्याकडे ओढली.