दाव्याला बांधलेला पाना

मित्रांनो, मी कारंज्याच्या नळफिटर गफ्फारभाईंचा जुना रिंग पाना. जुना म्हटलं म्हणून गंजका समजू नका हं! वीस वर्षं नटबोल्टांशी झटतोय, पण अजून एक दात झिजला नाही.

माज मात्र होता मला. उंचावरून गफ्फारभाई ओरडायचे, "फेक रे संघपाल!" की खालून त्यांचा जोडीदार मला भिरकावायचा आणि गफ्फारभाई एका हाताने अलगद झेलायचे. बघणारे टाळ्या पिटायचे. काय सांगू, मी फुगून जायचो!

एकदा झेल हुकला. संघपालच्या पायाशेजारची फरशी मी फोडली. हे कळताच गफ्फारभाईंच्या बायकोने, हुस्नाबानोभाभींनी, सलवारीचा नवा लाल नाडा काढून माझ्या गोल तोंडात घट्ट ओवला आणि दुसरं टोक नवऱ्याच्या कमरपट्ट्याला बांधलं.

"पान्याले दावं कायले? गाय हाय का तो पळून जायले?" गफ्फारभाई चिडले.

"पळत नाही, पन पडते ना! खाली कोनाचं डोस्कं असंल, सांगता येते का?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही धनज गावच्या पाण्याच्या टाकीवर चढताना संघपाल खालून पोट धरून हसला.

टाकीचा वरचा पाइप गळत होता. गावात पाणी यायचं ते फक्त टाकीखालच्या नळाला, म्हणून म्हाताऱ्या लिलाबाई आमच्या अगदी खाली पाण्याचा गुंड भरत होत्या. तेवढ्यात गफ्फारभाईंच्या ओल्या हाताची पकड निसटली. मी सुटलो! पन्नास फूट खाली लिलाबाईंचा पांढरा अंबाडा. अरे देवा, आता मी या माउलीला मारणार!

हिसका बसला. नाडा ताणला. मी गफ्फारभाईंच्या गुडघ्यापाशी लोंबकळत होतो.

गफ्फारभाई खाली उतरले आणि त्यांनी घडलेलं लिलाबाईंना सांगितलं. सगळं ऐकून लिलाबाईंनी आधी स्वतःचं डोकं चाचपलं, मग कमरेवर हात ठेवले. "काहून रे बाबू, मी खाली हाय हे दिसलं नाही? आन तू संघपाल, खिदळून राह्यला होता नं?" दोघांच्या माना खाली. मग त्याच खुदकन हसल्या. "बांधा आता टाकीभोवती दोर. मी पाह्यतो कोन येते ते!"

दुपारभर त्या दोराजवळ ठाण मांडून बसल्या. कोणी जवळ आलं की, "मांगं व्हा वं, वर काम चालू हाय!" मला संघपालने बादलीत घालून दोराने वर धाडलं.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना स्वतःला सावरता येत नाही. उंचावर नेताना आम्हाला बांधत जा. काम संपल्यावर लिलाबाई भरला गुंड डोक्यावर घेऊन, शेजारणीशी गप्पा मारत घरी गेल्या. मी वरून बघतच राहिलो.