वाईट बापांचं भाषण

अंकिताचं भाषण ऐकायला घरात आजोबांशिवाय कुणीच नव्हतं. आई प्रतिक्षा दवाखान्यात ड्यूटीवर होती, वडील दिपक एसटी घेऊन लातूरला गेलेले. मग आठवीतल्या त्या पोरीनं आजोबांना, ईश्वरला, खुर्चीत बसवलं, पंखा बारीक केला आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"आजोबा, मध्ये बोलायचं नाही हं. शनिवारी स्पर्धा आहे. विषय, इतिहासातले कुप्रसिद्ध बाप."

"चांगले बाप घावले न्हाईत व्हय तुमच्या बाईला?" ईश्वर हसला.

"चांगल्यांवर सगळेच बोलतात की."

आणि ती सुरू झाली. रशियाच्या इव्हान झारानं म्हणे रागाच्या भरात तरण्याताठ्या पोराच्या डोक्यात काठी घातली आणि मग त्यालाच कवटाळून रडत बसला. त्याच देशाच्या पीटर राजानं पोटच्या पोराला तुरुंगात टाकून फटके मारायला लावले, ते पोर तिथंच गेलं. आपल्याकडं जहांगीर बादशहानं, पोरानं, खुस्रोनं, बंड केलं म्हणून त्याचे डोळे घालवले. पुढं बापाचा जीव कळवळला, हकीम लावले, एका डोळ्यानं थोडंफार दिसायला लागलं म्हणतात. "असे बाप कुणाच्याही वाट्याला न येवोत. धन्यवाद!"

अंकिता टाळीची वाट बघत थांबली. ईश्वरचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"त्या पोरानं मग बापाला माफ केलं का?"

"खुस्रोनं? ते काय पुस्तकात नाही."

"आन् बापानं मागितली का माफी?"

"हकीम बोलावले ना, आजोबा."

"हकीम बोलावणं येगळं, बाळा."

ईश्वर सदुसष्ट वर्षांचा होता. सारी हयात चादरीच्या कारखान्यात मागावर गेली, आणि त्यातली निम्मी दारूत. बायको मीनाबाईनं विड्या वळून घर धरून ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी त्याची दारू सुटली. चार वर्षांपूर्वी मीनाबाई गेली, तेव्हा त्याची लेक प्रतिक्षा आली, त्याचे चार कपडे पिशवीत भरले आणि त्याला आपल्या घरी घेऊन आली. गोळ्या वेळेवर, भाकरी गरम, चष्मा नवा. कशात कमी नाही. पण मागचं म्हणून एक अक्षर तिनं कधी काढलं नव्हतं, आणि ईश्वरनं तर नव्हतंच नव्हतं. लेकीनं आपल्याला सांभाळलं म्हणजे सगळं मिटलं, अशी त्यानं मनाची समजूत घालून घेतली होती.

"तुज्या आईचं दहावीला एक वर्स गेलं, म्हाईत हाय का तुला?"

"हो. टायफॉईड झाला होता ना तिला."

ईश्वर तिच्याकडं बघतच राहिला. "कोण म्हणलं?"

"आईच म्हणते. पेपराच्या दिवशीच ताप चढला म्हणून."

"ताप न्हवता गं," तो म्हणाला. "तिनं माजी बाटली मोरीत वतली, म्हणून मी तिचं हॉलतिकीट चुलीत घातलं. तिच्या देकत. गणिताच्या पेपराला निगाली व्हती ती. तुज्या त्या बापांच्या यादीत माजं बी नाव घाल."

अंकितानं हातातले कागद उगाच सारखे केले आणि ती आत जाऊन बसली.

संध्याकाळी प्रतिक्षा आली. लेकीचा चेहरा बघून तिनं चपला काढायच्याही आधी विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर तिचा पारा चढला.

"तिला कशाला सांगितलं, आबा? एवढी वर्षं मी झाकून ठेवलं, ते काय असं उघडं करायला?"

"माजं पाप तू का झाकावंस?"

"तिला एक आजोबा पाहिजे होता म्हणून!" प्रतिक्षाचा आवाज फाटला. "मला जसा बाप मिळाला, तसला आजोबा नको होता."

ईश्वर उठला. भिंतीचा आधार घेत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. "पोरी, लई उशीर केला मी. माफी मागतो. तुला द्यायची नसंल तर नको दिऊ. पर मागायची र्‍हायली व्हती."

प्रतिक्षानं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. मग तिथंच फरशीवर बसली. तो पण गुडघे धरत तिच्याशेजारी टेकला.

"केंद्रावर आत सोडलं नाही," ती हळूहळू सांगू लागली. "शाळेत जाऊन सरांना सांगायचं, तर लाज वाटली. तीन तास फाटकाबाहेर लिंबाखाली बसले. पोरी बाहेर आल्या तेव्हा एकीकडून पेपर घेतला आणि तिथंच वहीत सोडवला. सगळा आला मला, आबा. एकसुद्धा गणित चुकलं नव्हतं."

ईश्वर तोंडावर पंचा धरून रडला. प्रतिक्षानं त्याला थांबवलं नाही. मग ती म्हणाली, "माफ केलं का, ते मलाच माहीत नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

शनिवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आबांना घेऊन स्पर्धेला गेली. घरचं घरात, असं तिनं अंकिताला बजावलं होतं, आणि पोरीनं ते पाळलं. फक्त इव्हानपाशी येऊन ती मध्येच अडखळली. नजर दुसर्‍या रांगेत आजोबांवर गेली आणि पुढची दोन वाक्यं विसरली. नंबर आला नाही.

परतताना रिक्षात ती आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. ईश्वर पलीकडं अंग चोरून बसला होता. गाडी सिग्नलला थांबली, तसं त्यानं विचारलं, "मग तुजा पेपर बुडला, त्या उनाळ्यात काय केलंस तू?"

"आईबरोबर विड्या वळल्या. लई वाईट वळायचे मी, पानं नुसती फाटायची. आई म्हणायची, तू आपली अभ्यासच कर बाई."

"आन् मग?"

प्रतिक्षानं त्याच्याकडं मान वळवली आणि ती सांगू लागली.