पाठमोरी माणसं

जयवंता गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता.

चंद्रभानच्या हे लक्षात आलं तिसऱ्या दिवशी, राख सावडून घरी आल्यावर. मेहुणी देवकाबाई म्हणाली, "भाऊजी, तेरवीले फोटो लागते. हार कशाले घालाचा?" मग त्याने ट्रंक उपसली. लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत जयवंताचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. मतदार ओळखपत्राचे फोटो नालवाडीच्या शाळेत काढले, त्या दिवशी ती नेमकी रोहण्याला भावाकडे निघून गेली होती. मुलीच्या, सुरभीच्या लग्नातही फोटोवाला आला की ती स्वयंपाकाकडे जायची.

"नसन फोटो तर नसन," देवकाबाई म्हणाली. "पेंटर घरातच हाये ना? साऱ्या वर्धेच्या पाट्या रंगवता, बायकोचं एक तोंड नाई काढता येत?"

चंद्रभानने ट्रंक बंद केली.

पाट्या रंगवणं हे त्याचं पोट होतं. चित्रं वेगळी. फौजेतून परत आल्यावर तो मागच्या खोलीत चित्रं काढू लागला आणि पंधरा वर्षांत चित्रातल्या एकाही माणसाला त्याने तोंड दिलं नाही. सगळी माणसं पाठमोरी. कापूस वेचणारी, एसटीची वाट पाहणारी, विहिरीवरची. नागपूरला त्याचं प्रदर्शन लागलं तेव्हा एक प्राध्यापक बराच वेळ बोलले, आजच्या माणसाचं एकटेपण वगैरे. चंद्रभान हात जोडून उभा राहिला. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते वेगळंच होतं.

सत्त्याऐंशी साली त्याची पलटण श्रीलंकेत होती. त्याचं अक्षर चांगलं, म्हणून साहेबाने त्याला एक काम लावलं होतं. मेलेल्या जवानांना तिथेच अग्नी द्यायचे आणि अस्थी मडक्यात भरून घरी पाठवायचे. मडक्याला लाल फडकं बांधायचं आणि वर नाव, नंबर, गाव लिहायचं. एका दिवशी त्याच्याच तुकडीतले कैलास आणि भैयाजी दोघे एकाच सुरुंगात गेले. दोघेही आदल्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून जेवले होते. कैलासच्या मडक्याचा काठ फुटका होता, हे चंद्रभानने बघून ठेवलं होतं. लिहायला बसला आणि गोळीबार सुरू झाला. सगळे आडवे झाले. उठून परत आला तेव्हा गाडी निघायच्या बेतात होती. त्याने भराभर नावं लिहिली. मडकी गाडीत चढली, गाडी वळणाआड गेली आणि मग त्याला आठवलं की फुटक्या काठाच्या मडक्यावर त्याने भैयाजीचं नाव लिहिलं.

त्याने ते कोणालाही सांगितलं नाही. दोन घरांत दोन आया कोणाच्या तरी भलत्याच पोराची हाडं नदीत सोडत असतील, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण साहेबापुढे तोंड उघडलं नाही. पुढे कागदावर कोणाचंही तोंड काढायला घेतलं की हे तोंड नक्की त्याचंच ना, एवढाच प्रश्न डोक्यात बसायचा आणि हात थांबायचा. पाठीला कोणी नाव विचारत नाही.

आता तेरवीला सहा दिवस राहिले होते. त्याने पाटीचा पत्रा घासून पांढरा केला. जयवंताचा अंबाडा काढला, कान काढला, हिरव्या लुगड्याचा काठ काढला. मधली जागा कोरीच राहिली. दोन दिवस तो त्या कोऱ्या जागेसमोर बसून होता.

सुरभी आर्वीहून आलेली होती. तिनेच तोड काढली. "बाबा, सारे म्हणतात मी आईसारखी दिसतो. मी बसतो समोर. मले पाहून काढा."

ती आईचं लुगडं नेसून पलंगावर बसली. चंद्रभानचा हात चालू लागला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो तोंड काढत होता. दोन दिवसांत चेहरा झाला.

देवकाबाईने पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. "हेच माह्या बहिणीचं तोंड. बोलून राह्यली असं वाटते." मग डोळे पुसून म्हणाली, "उगीच भाव खाऊन राह्यले होते आमचे भाऊजी."

राहिलं फक्त नाव. त्याने ब्रश काळ्या रंगात बुडवला, 'कै.' लिहिलं आणि थांबला.

"काय झालं, बाबा?"

"हे तुहं तोंड हाये," तो म्हणाला. "अन् मी खाली तिचं नाव लिहून राह्यलो."

"त्याले काय होते? लोकायले कुठी समजते?"

"तेच तं." त्याने ब्रश खाली ठेवला आणि खाली मान घालून तिला मडक्यांचं सगळं सांगितलं. फुटका काठही सांगितला.

सुरभी त्याच्याशेजारी येऊन बसली. मग तिने विचारलं, "हे आईले मालूम होतं?"

"नाई."

"एकदा तरी सांगाचं होतं तिले."

"काऊन?"

"तुमी तिचं चित्र काढलं होतं ना, चुलीपाशी बसलेली? तिनं मले सांगतलं होतं. दिवसभर हलली नाई ती, तोंड तुमच्याकडं करून बसली. अन् तुमी पाठ काढली." सुरभीने पदराने नाक पुसलं. "तिले वाटलं, देवीच्या वणांचं तोंड तुमाले पाहवत नाई. तवापासून तिनं कोणाले फोटो काढू देला नाई. मले म्हणे, ज्याले रोज पाहा लागते त्यालेच नाई आवडत, तं कागदावर कायले ठेवू?"

चंद्रभान पत्र्याकडे पाहत राहिला. समोरचा चेहरा गुळगुळीत होता. सुरभीचा. लहानपणी जयवंताला देवी आल्या होत्या, त्याचे वण त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाहिले होते. पाहून पाहून ते दिसेनासेच झाले होते.

त्याने बारीक ब्रश घेतला. डाव्या गालावर डोळ्याखाली एक खोल. त्याच्या खाली दोन जवळजवळ. नाकाच्या शेंड्यावर एक. कपाळावर, भांगाच्या उजवीकडे, तीन. त्याला आठवावं लागत नव्हतं. कुठला वण उन्हात जास्त दिसायचा, कुठल्यात कुंकू अडकायचं, सगळं हाताला माहीत होतं. हनुवटी सुरभीची नव्हती, तीही पुसून नवी काढली. संध्याकाळपर्यंत पत्र्यावरून सुरभी गेली होती.

देवकाबाई दिवा लावायला आत आली आणि ओरडलीच. "हे काय करून ठेवलं? चांगलं सोन्यासारखं तोंड होतं! मेल्यावर तरी वण झाकाचे ना, भाऊजी! उद्या चार पाहुणे येतीन."

"येऊ दे," चंद्रभान म्हणाला. "हे जयवंताच हाये."

मग त्याने 'कै.'च्या पुढे तिचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. सुरभी शेजारी बसून रडत होती. तिला काय सांगावं हे त्याला कळेना आणि जिला सांगायचं होतं ती पंधरा वर्षं याच घरात, त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, भाजी चिरत बसलेली असायची.