मांडीवरचा ड्रम

मास्तर कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते, आणि शिकायलाही फारसे गेले नसावेत. पण गिटारची एक तार मागायला आलेल्या माणसाला आधी तारेचं सगळं कूळमूळ सांगायचं आणि मगच तार द्यायची, अशी त्यांची रीत. त्यामुळे गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं. बरीचशी गिऱ्हाइकं कूळमूळ अर्ध्यावर आलं की ‘उद्या येतो’ म्हणून सटकत, आणि मास्तर बायकोला सांगत, “अस्सल नव्हता तो.” अस्सल गिऱ्हाइकाची वाट बघण्यात त्यांची उमर गेली होती.

दुकान एवढंसं, की आत वळायचं तर आधी बाहेर जावं लागे. आणि अशा दुकानात दर शनिवारी संध्याकाळी थोडा विनोद, थोडं गाणं असा कार्यक्रम व्हायचा. भिंतीवरची वाद्यं उतरवल्याशिवाय माणसं मावत नसत, आणि उतरवलेली वाद्यं ठेवायला जागा नसे. म्हणून मास्तर येणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर एकेक वाद्य देत. कुणी व्हायोलिन सांभाळी, कुणी मेंडोलिन, कुणी अ‍ॅकॉर्डियन. हात अडकलेले, तेव्हा टाळ्यांचा प्रश्नच नव्हता. कुणाला हसू फुटलं की मांडीवरचं वाद्य हले, तारा झणझणत, आणि तीच इथली टाळी. एका पेपराने याला ‘श्रोता आणि वाद्य यांच्यातला मूक संवाद’ म्हटलं. मास्तरांनी ते कात्रण दारावर चिकटवलं. बायको म्हणाली, “अडचण म्हटलं असतं तर कमी शाई लागली असती.”

मास्तरांचा मात्र एक पक्का सिद्धांत होता. ज्याच्या मांडीवर वाद्य आहे, तो माणूस वाईट वागूच शकत नाही. पुरावा विचारला तर ते वीज तोडायला आलेल्या माणसाची गोष्ट सांगत. त्याला त्यांनी मेंडोलिन देऊन बसवला होता.

“पण वीज तोडलीच ना त्याने?” बायको विचारी.

“तोडली. पण हळुवार तोडली.”

आता हाच सिद्धांत पणाला लागला होता. घरमालकांचा निरोप आला होता, की महिनाअखेरीला दुकान खाली करा, तिथे नळांचं आणि बेसिनचं शोरूम यायचंय. मास्तरांना या दुकानाशिवाय काही येत नव्हतं, आणि या वयात दुसरं काही शिकायची त्यांना भीती वाटत होती. रात्र रात्र ते छताकडे बघत पडून राहत. शेवटी त्यांनी ठरवलं, घरमालकांना शनिवारी बोलवायचं.

“वकिलाला बोलवा त्यापेक्षा,” बायको म्हणाली.

“अगं, ऐकायला एकदा बसू दे माणसाला. बघ कसा विरघळतो.”

“साखर आहे का तो?”

शनिवारी घरमालक आले. मास्तरांनी त्यांना सगळ्यांत पुढे बसवलं आणि मांडीवर दुकानातला सगळ्यांत चांगला ड्रम दिला. त्याच्या तळाशी बारीक तारा ताणलेल्या होत्या. नुसतं कुणी खोकलं तरी तो खर्रर्र वाजायचा. म्हणजे घरमालक हसले की कळणारच, ही मास्तरांची योजना.

आधी दातांची डॉक्टरीणबाई गायली. तिच्या दवाखान्यात लोक नाइलाजाने तोंड उघडं ठेवून बसत, इथे आवडीने बसले. ड्रम मात्र गप्प. घरमालकांची नजर भिंतीवरून फिरत होती. बेसिन कुठे लावायचं हे ते ठरवत असावेत, असं मास्तरांना वाटलं.

मग विमा एजंट उभा राहिला. दिवसभर लोकांना मरणाची भीती घालायची आणि शनिवारी हसवायचं, असा त्याचा दुहेरी धंदा. मास्तरांनी त्याला बजावून ठेवलं होतं, की आज घरमालकांवर एक अक्षरही काढायचं नाही. पंचाईत अशी, की त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. तो ऑफिसवर बोलला, हवेवर बोलला, आपल्या मेहुण्यावर बोलला. एक तार हलली नाही. घरमालकांनी जांभई दिली.

असं ना तसं, दुकान जाणारच होतं. मास्तरांनी मागून एजंटला खूण केली. होऊन जाऊ दे.

एजंटच्या जिवात जीव आला. “आमचे घरमालक म्हणाले, भिंतीला खिळा मारायचा नाही. मी म्हटलं, मग कॅलेंडर कुठे लावू? तर म्हणाले, कॅलेंडर कशाला हवं, पहिली तारीख मी येऊन सांगतोच की!”

ड्रम खर्रर्र वाजला.

“छत गळतंय म्हणून सांगायला गेलो. म्हणाले, बादली नाहीये का? नसेल तर देतो. भाड्याने.”

आता ड्रम थांबेना. घरमालक गदागदा हसत होते, डोळे पुसत होते आणि शेजारच्या व्हायोलिनवाल्याला सांगत होते, “आमचा धाकटा भाऊ! हुबेहूब आमचा धाकटा भाऊ!” त्यांचं बघून सगळं दुकान झणझणायला लागलं.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. त्यांचा ऊर भरून आला होता. “बघितलंस?” ते कुजबुजले. बायकोच्याही चेहऱ्यावर जराशी आशा आली होती, आणि ती बघून मास्तरांना आणखीच बरं वाटलं.

कार्यक्रम संपला तसे घरमालक ड्रम कवटाळून उभे राहिले. “मंडळी, मी दोन शब्द बोलतो. इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. मी या जागेचा मालक. महिनाअखेरीला हे दुकान इथून उठणार, इथे नळांचं शोरूम येणार. पण मास्तर, नवी जागा कुठे घेताय ते मला नक्की कळवा. मी दर शनिवारी येईन.”

मग अ‍ॅकॉर्डियनवाला फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागोमाग अख्खं दुकान. मास्तरांनी शेवटी राखून ठेवलेला हुकमी एक्का हाच, असं लोकांना वाटलं. विमा एजंटही हसला, जरा जळूनच.

“अहो, ते खरंच सांगतायत,” मास्तर हात वर करून म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला होता, की लोकांना हसू आवरेना. बायको गर्दीतून वाट काढत आली आणि त्यांचा वर केलेला हात तिने खाली घेऊन घट्ट धरला.

घरमालक मात्र भारावून गेले होते. जन्मात कुणी त्यांना अशी दाद दिली नव्हती. त्यांनी घसा साफ केला, आणि एजंट थांबत होता तसं मध्ये मध्ये थांबत, सगळ्यांकडे बघत, ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. “मंडळी, मी या जागेचा मालक...”